कोकोबा

दादूस जहाजाच्या गॅलीत कुक,
सात महिन्यांनी घरी आला
तो नेमका गटारीला.
अमावस्या मंगळवारची,
म्हणून करावे गावात सगळ्यांनी
रविवारीच उरकून घ्यायचं ठरवलं.

शनिवारी त्यानं गच्चीवरचा कोंबडा कापला.
तीन वर्षांचा, पडक्या तुऱ्याचा,
सीवूड्सच्या टॉवरांना पहाटे चारला उठवणारा;
एका सोसायटीनं त्याच्याविरुद्ध
महापालिकेत अर्जही दिला होता.
"म्हाताराच लागतो याला," दादूस म्हणाला,
"कोवळा विरघळून जातो."
आईनं विचारलं, "काय नाव बोललास?"
"कॉक ओ वँ."
"कोकोबा? कोनचा देव यो?"
मी हसले. दादूस हसला.
मग त्यानं पिशवीतून बाटली काढली
आणि कुणीच हसलं नाही.

नऊ वर्षांत आमच्या घरात बाटली आली नव्हती.
त्याआधी यायची. दिसायची नाही, सापडायची.
तांदळाच्या पिंपात. टाकीच्या पाण्यात,
दोरीला बांधून सोडलेली.
एकदा खुराड्यात, खुडूक कोंबडीखाली,
आणि ती बिचारी
बाच्या क्वार्टरला ऊब देत बसलेली.

दादूसनं बाटली ओट्याच्या मधोमध ठेवली,
लेबल समोर करून.
आई पाठ फिरवून दिवे घासायला बसली.
चिंचेचा कोळ, राख, पुन्हा चिंच.
एकच समई तिनं तासभर घासली.

रात्रभर कोंबडा वाईनमध्ये.
दोनदा फ्रिजच्या उजेडात
आई उभी दिसली मला,
पातेल्यावरचं झाकण उचलून.
काय मोजत होती, विचारलं नाही.

सकाळी गच्चीवर चूल. वर पत्र्याची शेड.
मांस निथळून काढलं तर जांभळं,
जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखं.
अलिबागच्या कांद्याच्या माळेतले
बारके बारके दादूसनं वेचून घेतले,
पनवेलच्या बाजारातली अळंबी, तमालपत्र,
आणि कागदाच्या पुडीत
मार्सेच्या बंदरातून आणलेला कसलासा पाला.
आईनं हुंगला.
"ओव्याची भैन," म्हणाली. कालपासूनचं पहिलं वाक्य.

कोंबडा तांबूस झाल्यावर
त्यानं पळीभर ब्रँडी ओतली, काडी ओढली.
निळा जाळ वीतभर उठला.
आई तेव्हाच जिन्यातून वर येत होती,
हातात मसाल्याचा डबा,
कारण तिचा फ्रान्सवर भरवसा नव्हता.
तिथंच थांबली.
"काय करतस?"
"दारू जाळतो, आई. चव तेवढी राहते."
जाळ खाली बसला, कडेला लपलपला, विझला.
"सगली जलली?"
"सगळी."
ती जवळ आली, पातेल्यात वाकली,
विहिरीत पडलेली वस्तू शोधावी तशी.
धुरानं डोळे बारीक केले.
मग म्हणाली,
"परत एकदा जाल."

दुसरी पळी कुठल्याच कृतीत नव्हती.
दादूसनं ओतली.
काडी त्यानं आईकडे दिली.

तीन तास शिजला, तरी बोटाला घट्टच.
खाली कोणाकडे तरी स्पीकर लागलेला,
काकांच्या अंगणात खुर्च्या पडल्या उठल्या.
आम्ही तिघं गच्चीवर, तांदळाची भाकरी
त्या काळ्या रश्शात बुडवून.
"मीठ कमी," आई म्हणाली,
"तिखट तं नायच."
मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
तंगडी, न विचारता.

रिकामी बाटली दादूस कचऱ्यात टाकत होता.
"फेकू नको. तेलाला व्हईल."
तिनं ती तीनदा धुतली, उन्हात पालथी घातली.

मंगळवारी त्याच बाटलीतून
दिव्यांत तेल सोडलं तिनं,
थेंब न सांडता, एकेका वातीजवळ थांबत.
वास येत होता अजून थोडासा.
की मलाच आला.